पिवळी बाही

इद्वलने पत्र्याची शिट्टी दातांत धरली आणि लांब फुंकर मारली. लांब शिट्टी म्हणजे आहेस तिथे बैस. मेंढ्या वळवणारी कुत्री नेल बसली नाही. पोट जमिनीला लावत ती उतारावरून धावतच राहिली, आणि तिच्या पुढच्या चाळीसेक मेंढ्या फाटकाकडे जायच्या सोडून ओहोळाकडे वळल्या.

त्याने पुन्हा फुंकली. मग शिट्टी तोंडातून काढली आणि तो ओरडला.

"नेल! बैस! बैस म्हणतो ना!"

पहिली मेंढी काठावर थबकली. मागच्यांनी तिला ढकललं. काठ तिथे उंच होता. काही पाण्यातून धडपडत पलीकडे गेल्या, एक खाली दगडांवर पडली ती उठलीच नाही. तेव्हा कुठे नेल थांबली. तिने इद्वलकडे पाहिलं नाही. मान वळवून ती खालच्या दगडी कुंपणाकडे बघत राहिली, जिथे कोणी नव्हतं.

हेफिन पलीकडच्या अंगाने काठी टेकत आला. त्याची दोन्ही कुत्री त्याच्या टाचांशी होती. तो शेजारचा शेतकरी. दोघे एका वर्गात होते. ऑक्टोबरात डोंगरावरच्या मेंढ्या उतरवायच्या तर सगळे एकमेकांच्या मदतीला जातात, आज इद्वलची पाळी होती.

"पाय गेला," मेंढीपाशी वाकून तो म्हणाला. "मागचा. हिला संपवावी लागेल."

"दिसतंय मला."

"कुत्री बिघडलीय, लेका. नेस्टानं लाडावून ठेवली. शेकोटीपुढे काय झोपवायची, चीजच्या तुकड्यातून जंताची गोळी काय भरवायची. आमच्या कुत्र्यांचा जबडा उघडला आणि टाकली गोळी आत. संपलं."

"नेस्टानं सांगितलेलं सगळं करायची ती."

"नेस्टा आता नाहीये."

हेफिनने टोपी काढली, पुन्हा घातली. "माझं तोंडच फाटकं, तुला माहितेय. पण शनिवारी मोठा डोंगर उतरवायचाय. सगळ्यांच्या मेंढ्या एकत्र. माझ्या मेंढ्या मी हिच्यापुढे घालणार नाही. आत्ताच सांगतो, मग रुसू नकोस."

इद्वलने मान हलवली आणि मेंढीसाठी बंदूक आणायला घराकडे निघाला.

नेस्टा, इद्वलची बायको, एप्रिलमध्ये आजारपणात गेली. नेल तिची होती. पिल्लू असल्यापासून तिनेच शिकवलेली. तेव्हापासून उन्हाळाभर इद्वलने सगळं करून पाहिलं. लांब दोरीला बांधून फिरवली, जेवण उशिरा दिलं, एकदा काठीही मारली. काठी बसली की नेल पाठीवर पडून पोट दाखवायची, आणि उठली की पुन्हा तेच. त्याच्या वडिलांनी त्याला दोन गोष्टी शिकवल्या होत्या. माणसाने कुत्र्याकडे जायचं नाही, कुत्र्याने माणसाकडे यायचं. आणि काम न करणारं कुत्रं ठेवायचं नाही.

दुसरी गोष्ट त्याने तीन वर्षांपूर्वी पाळली होती. मोट नावाच्या त्यांच्या जुन्या कुत्र्याची नजर जात चालली होती. तो फाटकाच्या खांबावर आपटायला लागला होता. गोठ्यामागे एका काडतुसात काम झालं. इद्वल घरात आला तेव्हा नेस्टा बटाटे सोलत होती. तिने वर पाहिलं नाही.

"त्याला कळलं का?" तिने विचारलं.

"नाही."

"बरं," ती म्हणाली आणि सोलत राहिली. तो विषय पुन्हा निघाला नाही.

मेंढीचं काम उरकून तो गोठ्यामागे आला तेव्हा बंदूक हातातच होती. त्याने दुसरं काडतूस भरलं. बंदूक पाहून नेल शेपूट हलवत जवळ आली, त्याच्या बुटावर पंजा ठेवून वर बघायला लागली. मग त्याने काडतूस काढून खिशात टाकलं.

सकाळी त्याने नेलला गाडीत घातलं आणि गावातल्या जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. आपल्या हाताने होत नसेल तर दुसऱ्याच्या हाताने होईल. डॉक्टर कॅट्रिन शाळेत असताना मेंढ्यांच्या कातरणीला त्यांच्याकडे यायची, नेस्टाच्या हातचा केक खायची.

"इंजेक्शन दे हिला," तो म्हणाला.

"लस तर झालीय की, काका."

"शेवटचं."

कॅट्रिनने त्याच्याकडे पाहिलं, मग टेबलावर उभ्या असलेल्या नेलकडे. तिने नेलचे ओठ वर करून दात बघितले, पोट चाचपलं, पंजे एकेक करून उचलले.

"पाच वर्षांची आहे. दात माझ्यापेक्षा बरे आहेत. झालंय काय हिला?"

"जुमानत नाही. शिट्टी मारली तरी ढिम्म. काल एक मेंढी घालवली."

कॅट्रिनचा हात नेलच्या पाठीवर थांबला.

"काका, नेल बहिरी आहे."

"काहीतरीच."

तिने स्टीलचा ट्रे उचलला, नेलच्या मागे जाऊन फरशीवर सोडला. इद्वल दचकला. नेल त्याच्या कोटाचं बटण चाटत होती, ती चाटत राहिली.

"मळ साचला असेल कानात."

"कान लख्ख आहेत. काकू दर रविवारी पुसायच्या. बाहेरून काही दिसत नाही यात. या जातीत होतं असं, मोठी झाली की हळूहळू ऐकू येणं जातं. दोन वर्षं होऊन गेली याला. काकूंनीच आणली होती तपासायला." तिने नेलचा कान सरळ केला. "मला वाटलं, शेवटी तरी त्यांनी तुम्हाला सांगितलं असेल."

"अगं, गेल्या शरदात डोंगर उतरवला तिनं. मी वर होतो, नेस्टाची शिट्टी माझ्या कानांनी ऐकली."

"हातानं काम करायची नेल. पहिली खूण मी दाखवली. हात वर, म्हणजे बैस. पुढच्या काकूंनी त्यांच्या त्यांनीच बसवल्या. म्हणून तर तो पिवळा रेनकोट घेतला, लांबून दिसावा म्हणून."

इद्वल खुर्चीत बसला. खालच्या कुंपणाशी, लख्ख उन्हातही तो रेनकोट घालून ती उभी असायची. वरून तो ओरडायचा, "काय गं, विमानं उतरवतेस की काय?" ती हसायची. तिचा हात वर जायचा, नेल जमिनीला चिकटायची, आणि मग शिट्टी ऐकू यायची. नेल बसल्यावर. त्याला वाटायचं, वारा उलटा आहे म्हणून आवाज उशिरा येतो.

"मग शिट्टी कशाला मारायची?" त्याने विचारलं.

कॅट्रिनने वाकून ट्रे उचलला, पुसला आणि जागेवर ठेवला.

"तुम्हाला कळू देऊ नकोस म्हणाल्या होत्या."

"का?"

"ते नाही बोलल्या. एवढंच म्हणाल्या, मोटसारखं नको."

बाहेर कोणाचं तरी कुत्रं भुंकत होतं. नेलचे कान हलले नाहीत. इद्वल तिच्या कानांकडे बघत राहिला.

"आणखी काय कळू देऊ नकोस म्हणाली होती?"

"काका, जाऊ दे."

"सांग."

"गेल्या वर्षी सप्टेंबरात नेलला घेऊन आल्या, तेव्हा याच खुर्चीत बसून राहिल्या. कुशीवर हात दाबून. उठवेना. मी म्हटलं, आजच्या आज डॉक्टरकडे जा, मी सोडते. म्हणाल्या, मेंढ्या खाली येऊ देत. तोवर इद्वलला बोलू नकोस."

त्याला तिच्या आजाराचं कळलं होतं ते नाताळात. त्यानंतर करण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं.

"इंजेक्शनचं..." कॅट्रिनने विचारलं.

"नको," तो म्हणाला. त्याने नेलला दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवलं. एरवी तो कुत्र्यांना उडी मारायला लावायचा.

पिवळा रेनकोट मागच्या दाराच्या खुंटीवर होता, एप्रिलपासून कोणी हलवला नव्हता. इद्वलचे खांदे त्यात मावेनात. त्याने एकच बाही चढवली, बाकीचा कोट पाठीवर लोंबू दिला आणि तो खालच्या शेतात गेला. शिट्टी घेतली नाही.

नेल कुंपणावरून उडी मारून पुढे पळाली, दलदलीच्या कडेने, उंच गवतापर्यंत. तो कुंपणाशी नेस्टाच्या जागी उभा राहिला आणि त्याने हात वर केला.

नेलने वळून पाहिलं आणि ती जागच्या जागी खाली बसली. हनुवटी जमिनीला, डोळे बाहीवर. सगळ्या उन्हाळ्यात तिने त्याच्याकडे असं बघितलं नव्हतं.

मग त्याच्या लक्षात आलं की त्याला एवढीच खूण माहीत आहे. उठ कसं सांगायचं, ये कसं सांगायचं, ते कोणालाच माहीत नव्हतं. त्याने दुसऱ्या हाताने मांडीवर थाप मारली. मग तो हात डावीकडे नेला, छातीशी आणला. नेलचं अंग थरथरलं, पण ती उठली नाही. ती वाट बघत होती.

"ये," तो हळूच म्हणाला.

पाऊस भुरभुरायला लागला. नेल डोळे मिटून पाणी झटकायची आणि पुन्हा बाहीकडे बघायची. इद्वलचा खांदा भरून आला.

तो कुंपण चढून पलीकडे उतरला. मध्ये दलदल होती. पहिल्याच पावलाला बूट आत रुतला, तो ओढून काढत तो तिच्याकडे चालू लागला. हात त्याने खाली घेतला नाही.