सातव्या आऱ्याची फुली

करिश्मानं मोटारीच्या लाकडी चाकामागं हात घातला आणि मधल्या तुंब्यालगत, आऱ्यांच्या मुळाशी नख फिरवत मोजू लागली. पहिल्या आऱ्यावर एक खाच. दुसऱ्यावर दोन. पॉलिशचा थर जाड होता, तरी खाचा नखाला लागत होत्या. सहाव्यावर सहा. सातव्यावर खाचा नव्हत्या, फुली होती.

एका चाकावरून निष्कर्ष काढायचा नाही, एवढं तिला बीएस्सीच्या प्रयोगशाळेनं शिकवलं होतं. तिनं उरलेली तिन्ही चाकं तपासली. प्रत्येकात सातव्यावर फुलीच.

कोणता आरा कोणत्या भोकात बसतो हे कळावं म्हणून धुळाप्पा सुतार खाचा पाडत. सात खाचा मोजताना माणूस चुकतो, म्हणून सातव्याला फुली. बैलगाडीची चाकं घडवणारे सास्तूर गावात आता ते एकटेच उरले होते, आणि ते करिश्माचे आजोबा होते.

गावातल्या श्रीमंत अमरसिंहांच्या अंगणात ही शंभर वर्षांची मोटार कालच उतरली होती. त्यांनी ती इंग्लंडात विकत घेतली, तिथंच दोन वर्षं दुरुस्त करवली. मग कागद जुळेपर्यंत सात आठवडे ती मुंबई बंदरात अडकली. आज तिच्या शेजारी फोटोसाठी बैलगाडी हवी, म्हणून त्यांनी धुळाप्पांना बोलावलं होतं. फोटो झाला की ऐंशी वर्षांच्या आईला, कडूबाईंना, मोटारीत बसवून तालुक्याच्या लोहाऱ्यापर्यंत फेरी मारायची होती.

खुर्चीवरची मोटारीची फाईल करिश्मानं उघडली. ‘चाके : ॲश लाकूड. इंग्लंडमध्ये हाताने घडवलेली.’ खाली पांढऱ्या दाढीच्या एका कारागिराचा फोटो होता. चाकाला टेकून हसणारा.

चार वर्षांपूर्वी पुण्याचा एक व्यापारी कागदावर मापं घेऊन आला होता. चार चाकं, वर लोखंडी पट्टीची धाव नको, पुण्यातल्या हॉटेलात भिंतीवर टांगायची आहेत, म्हणाला. तेव्हा बारावीत असलेल्या करिश्मानंच इंचांची मापं आजोबांना वाचून दाखवली होती.

ती फाईल घेऊन थेट अमरसिंहांसमोर उभी राहिली.

“काका, ही चाकं माझ्या आज्ज्यानं केलीत. हितं दुसऱ्याचाच फोटो हाय.”

अमरसिंह हसले. “बीएस्सी झाली म्हणून चाकातबी केमिस्ट्री काढती व्हय गं?”

“हात लावून बघा. चारी चाकांत फुली हाय. सास्तुरातनं गेलेल्या चाकांवर तुम्ही बाहेरदेशची म्हणून आयातकर भरलाय.”

जमलेल्यांत कुणीतरी खुसखुसलं. अमरसिंहांचं हसू गेलं. ते बैलांपाशी उभ्या धुळाप्पांकडं वळले.

“तात्या, नातीला आवरा. न्हायतर उद्या म्हणंल, इंजिनबी आमच्याच चुलीवर शिजवलं.”

आता मोठ्यानं हशा झाला. आजोबांनी एक शब्द बोलावा म्हणून करिश्मा त्यांच्याकडं बघत राहिली. ते बैलाच्या पाठीवरून हात फिरवत होते.

एवढ्यात दोन बायकांनी कडूबाईंना मोटारीत चढवलं. देवळात जावं तशा त्यांनी चपला खाली काढून ठेवल्या होत्या. त्या आसनावर टेकल्या आणि मागचं चाक कुरकुरलं. आवाज बारीक होता.

धुळाप्पांचा हात बैलाच्या पाठीवरच थांबला. ते चालत आले, चाकाजवळ बसले, बोटाच्या पेरानं एकेक आरा वाजवून बघू लागले. सातव्यापाशी त्यांनी मागून अंगठा फिरवला.

“फुली माझीच हाय, मालक.”

करिश्मानं फोन काढून कॅमेरा सुरू केला. “परत सांग आज्जा. सगळ्यांना ऐकू जाऊ दे.”

“माझी हायत म्हणूनच सांगतो,” धुळाप्पा म्हणाले, “आक्कास्नी खाली उतरवा.”

ओझ्याच्या चाकाचं लाकूड आपण तीन उन्हाळे वाळवतो, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. ही चाकं भिंतीवर लागणार होती. चांगलं लाकूड गाड्यांसाठी राखून त्यांनी यात ओली बाभूळ घातली, गाठीचीसुद्धा. इंग्लंडच्या दमट हवेत ती टिकली असेल. इथल्या उन्हात आरे आताच सैल बोलायला लागलेत.

करिश्माचा फोन हळूहळू खाली आला. तिला आठवलं. वजन किती पडणार, असं आजोबांनी त्या व्यापाऱ्याला दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा तो हसला होता. भिंतीवर कसलं वजन, बाबा?

अमरसिंहांनी तिच्या हातातली फाईल ओढून घेतली. “हितं इंजिनिअरची सही हाय. बंदरावर साहेब लोकांनी सात आठवडे तपासलीय. आन् तुम्ही बोटानं वाजवून सांगताय?”

धुळाप्पांनी फाईलकडं पाहिलं नाही. ते चाकाजवळून उठलेही नाहीत. अमरसिंहांनी चालकाला खूण केली. इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं, अगदी गोड आवाजात.

कडूबाई वरून वाकल्या.

“धुळाप्पा, तू बसशील का रं यात?”

“न्हाय, आक्का.”

कडूबाईंनी लेकाकडं पाहिलं, मग त्याच्या हातातल्या फाईलकडं. आणि करिश्माकडं हात पुढं केला.

“पोरी, माझ्या चपला दे.”