भिरूड लागलेलं लाकूड

हौशीराम टेम्पोतून उतरला तेव्हा सुमतीबाई वखारीच्या दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच. नवरा पारसमल गेल्यापासून नारायणगावची ती लाकडाची वखार त्याच बघत होत्या. मुलगा कल्पेश पुण्यात प्लायवूडच्या धंद्यात होता. दर रविवारी फोन करून म्हणायचा, "मम्मी, बंद कर ना आता." त्यांनाही तसंच वाटायचं. गुडघे धरले होते, गिऱ्हाईक कमी झालं होतं, आणि मशीनची करवत सुरू झाली की डोकं उठायचं. पण बंद करायचं म्हणजे चार ठिकाणी हिंडायचं, चार जणांशी बोलायचं. तेवढाही जोर उरला नव्हता.

"भाभी, आंब्याची झाडं हायेत," हौशीराम म्हणाला. "घोडेगावच्या वरल्या अंगाला. निम्मी आमराई वाळली. तोडायची परवानगी काढलीय."

"कशानं वाळली?"

"भिरूड."

सुमतीबाईंनी मान हलवली. "मग नको."

आंब्याच्या खोडात शिरून आतल्या आत पोखरणारी ती अळी. पारसमल उभ्या हिरव्या झाडाचं लाकूड घेत नसत, आणि जिवंत कीड असलेलं लाकूड करवतीखाली घालत नसत. धंदा लाकडाचा असला तरी जैनाच्या घरात एवढं तरी पाळायला हवं, असं ते म्हणत. सुमतीबाईंनी ते तसंच चालू ठेवलं होतं.

"वीटभट्टीवाला न्यायला तयार हाय," हौशीराम म्हणाला. "पर वडलांनी लावल्याली झाडं भट्टीत घालवंना. पाट, पोळपाट, बाकडं, कायतरी व्हावं त्याचं."

"आत जीव आहे, हौशीरामभाऊ."

तो पायरीवर टेकला. "मी किती वर्सं त्येलाच मारतोय, भाभी. भोकात तार घालायची, औषधाचा बोळा घालायचा, वरनं चिखल लिंपायचा. एक भोक बुजवावं तर वर दुसरं. आता मारायचाबी कंटाळा आलाय."

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तो नुसता दमलेला होता, आणि तसं दमणं सुमतीबाईंना चांगलं ठाऊक होतं. वखारीतला जुना सुतार कुशाबा रंधा थांबवून ऐकत होता. त्याच्याकडे बघून त्या म्हणाल्या, "नुसतं बघून येऊ."

दुसऱ्या दिवशी त्या आणि कुशाबा गेले. आमराई डोंगराच्या पायथ्याला होती. निम्मी झाडं वाळून करडी पडलेली, बाकीच्यांवर मोहोर होता. हौशीरामची बायको साळुबाई वाळक्या झाडांखाली साली गोळा करत होती. सुमतीबाईंनी तिला विचारलं, "आत अळी आहे की नाही, हे कसं कळतं?"

"भोकातून ताजा भुसा गळत आसंल तर हाय. काळा पडला आसंल तर उडून गेली." साळुबाईनं एक सैल झालेली साल ओढून काढली. आत बोटाएवढी जाड, पांढरी अळी वळवळत होती. तिनं ती तळहातावर घेऊन पुढे केली. "ही बघा."

सुमतीबाईंनी आयुष्यभर लाकूड पाहिलं होतं, पण ही अळी इतक्या जवळून पाहिली नव्हती. इतकी मोठी असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. डोळे कुठे असतील तेही कळत नव्हतं. त्या मागे सरल्या.

"शेतीखात्याचे सायेब म्हनले, तोडा आन् लगेच जाळा," हौशीराम म्हणाला. "न्हाईतर अळ्यांचे भुंगेरे होऊन चांगल्या झाडांवर जात्यात."

वखारीत परतायला संध्याकाळ झाली. सूर्य मावळायच्या आत जेवायचं म्हणून सुमतीबाईंनी घाईनं दोन घास खाल्ले, आणि कुशाबाला बोलावून सांगितलं, "ज्यांतली अळी उडून गेलीय ती झाडं फाडायला घे. बाकीचे ओंडके मागच्या आवारात शेडनेटमध्ये ठेवू. टोमॅटोच्या रोपांना असते तशी जाळी, चारी बाजूंनी बंद. भुंगेरे आतच बाहेर पडतील. मग लाकूड रिकामं."

"तवर लाकूड बुरशीनं निळं पडंल, भाभी. आंबा हाय, साग न्हाई."

"पडू दे."

कुशाबा ओंडक्यांसाठी जागा करायला गेला. आजवर त्यांच्याशी वाद घालून काही बदललं नव्हतं.

उन्हाळाभर रिकाम्या झाडांचं काम चाललं. भोकं चुकवून कुशाबा आखूड फळ्या काढायचा. निम्मं लाकूड भुशात जायचं. पण उरलेल्याचे पाट देखणे झाले, तांबूस, नागमोडी रेषांचे. वारूळवाडीच्या एका शाळेनं बाकडी सांगितली. मागच्या आवारात जाळीतले ओंडके तसेच पडून होते. कान लावला की आतून कुरतडल्याचा आवाज यायचा. पहिल्यांदा ऐकला तेव्हा सुमतीबाईंना बरं वाटलं. पुढे पुढे त्या तिकडे जायचंच टाळू लागल्या.

पावसाळ्याच्या तोंडाला भुंगेरे बाहेर आले. करडे, लांब मिशांचे, मानेवर दोन नारिंगी ठिपके. हातात धरले की करकर आवाज करायचे. खायला काय घालायचं हे कुणालाच माहीत नव्हतं, तेव्हा सुमतीबाईंनी उंबराच्या फांद्या तोडून आत टाकल्या. त्यावर ते बसले. कुशाबा लांबून बघत म्हणाला, "आता पाहुनचार चाललाय."

आणि एका सकाळी जाळीला भोक दिसलं. कुरतडून पाडलेलं, चांगलं मुठीएवढं. आत थोडेच भुंगेरे उरले होते.

आवाराला लागूनच संपतचं शेत होतं, आणि त्याच्या बांधावर आंब्याची रांग. सुमतीबाई भोकापाशी उभ्या राहिल्या. संपतला न सांगताही चाललं असतं. कळायला वर्ष गेलं असतं, आणि कळल्यावर कुणी वखारीचं नाव घेतलं नसतं. हे सगळं त्यांच्या मनात येऊन गेलं. मग त्या चप्पल घालून संपतकडे गेल्या आणि झालं ते सांगितलं.

संपत चिडला. "आवं, किडा पाळायचा तर घरात पाळायचा! माझी झाडं काय धर्मशाळा हायेत व्हय?"

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी येऊन वेचते."

निरोप मिळाला तसा हौशीराम आपण होऊन आला. त्याच्या आमराईपासून हे शेत लांब होतं, त्याचं काही बिघडणार नव्हतं. तरी दिवस कलला की तिघं बांधावर उभी राहायची. कुशाबा शिडी धरायचा, हौशीराम वर चढायचा, आणि सुमतीबाई खालच्या बुंध्यावर हात फिरवत भुंगेरे शोधायच्या. त्यांना सापडलेले त्या बरणीत घालून पुन्हा जाळीत सोडायच्या. जाळी आता दुहेरी केली होती. हौशीरामचा डबा वेगळा असायचा. तो डबा घेऊन तो वखारीच्या मागं जायचा आणि रिकामा करून यायचा. सुमतीबाईंनी एकदाही विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही.

आठवडाभरात भुंगेरे दिसेनासे झाले. सगळे सापडले की नाही, कोण सांगणार? संपतच्या एका झाडाच्या बुंध्याला पुढे थोडा भुसा दिसला. हौशीरामनंच तिथे तार घातली. सुमतीबाई त्या वेळी दुसरीकडे बघत उभ्या होत्या, पण तिथून गेल्या नाहीत.

जाळीतले भुंगेरे आपल्या मरणानं मेले. पाऊस उघडल्यावर कुशाबानं ते ओंडके फाडले. निळे पडलेले, हाताला मऊ लागणारे. फार थोडं कामाला आलं. बाकीचं हौशीरामनं स्वतःच भट्टीवर पोचवलं आणि परत येऊन पायरीवर बसला.

"वाईट वाटलं?" सुमतीबाईंनी विचारलं.

"वाटलं. पर थोडं तरी वाचलं." मग तो म्हणाला, "अजून दोन झाडांला लागलीय भिरूड. काय करू?"

त्यांनी खुर्ची पायरीजवळ ओढली. "तुमच्या उभ्या झाडांचं तुम्ही बघा," त्या म्हणाल्या. "जे करायचं ते करून, झाड आतून रिकामं झालं की माझ्याकडे आणा. परत जाळी लावायची माझी छाती नाही."

"म्हंजी पाप माझ्याकडं."

"नाही. माझ्याकडेपण आहे."

हौशीरामनं पाठ भिंतीला टेकवली. "ऱ्हाऊ द्या, भाभी. काम वाटून घेतलं म्हना."

रविवारी कल्पेशचा फोन आला तेव्हा त्यांनी वखार बंद करायचं नाही म्हणून सांगितलं. का, ते नीट सांगता आलं नाही. शाळेची बाकडी अजून द्यायची राहिलीत, हौशीरामभाऊंची दोन झाडं यायचीत, एवढंच म्हणाल्या आणि फोन ठेवून थोडा वेळ आडव्या झाल्या.