डाव्या हातचा भात

मी एक जुनी काथवट आहे, मित्रांनो. गोल, उथळ, लाकडाची, पोटाला तांब्याच्या दोन पट्ट्या. पण भाकरीचे पीठ माझ्यात कधी कुणी मळले नाही. माझे काम भाताचे. वाफाळता भात माझ्यात उपसायचा, त्यावर शिरका, साखर आणि मीठ शिंपडायचे आणि भातवाढीने कापल्यासारखा हलवत वर हातपंख्याने वारा घालायचा. जास्तीचे पाणी माझे लाकूड पिऊन टाकते. त्यामुळे भाताचा गिचका होत नाही, शीत न् शीत सुटे राहते आणि चमकते. इथली माणसे मला हांगिरी म्हणतात. आमच्या शिओमी बंदरात माझ्या वयाची हांगिरी आता दुसरी नसेल.

मला ग्योझो नावाच्या सुताराने घडवले. तो पिंपे आणि बादल्या करायचा. माझ्या फळ्या त्याने इतक्या नेमक्या तासल्या, की त्या एकमेकींना टेकताच फट दिसेनाशी झाली. एकही लोखंडी खिळा न मारता त्याने तांब्याच्या पट्ट्या ठोकून बसवल्या, मला पाण्याने भरले आणि समोर बसून राहिला. तासाभरात एक थेंबही गळला नाही, तेव्हा म्हणाला, "जा आता, कामाला लाग."

मला घेऊन गेली मिनेयो. तिच्या नवऱ्याची, इवाओची, मासेमारीची बोट होती. त्यांना नुकतीच मुलगी झाली होती, मिसाओ. मार्चच्या तीन तारखेला मुलींचा बाहुल्यांचा सण असतो. त्या दिवशी घरोघरी मासळी आणि भाज्या घातलेला आंबटगोड भात होतो. मुलीचा पहिला सण, म्हणून मला आणले.

ती माझ्या उमेदीची वर्षे होती, मित्रांनो. मिनेयोचा उजवा हात असा चालायचा, की भाताचे एक शीत चिरडत नसे. गाजराची फुले, कमळकाकडीच्या चकत्या, गोडसर शिजवलेली अळंबी, मटाराच्या कोवळ्या शेंगा, अंड्याच्या धाग्यासारख्या पट्ट्या आणि सगळ्यांवर लालसर मासळीचे काप. शेजारणी वाडगा संपवून विचारायच्या, "मिनेयो, भातात काय घालतेस गं?" ती माझ्याकडे बोट दाखवायची. मला तेवढे पुरे असे. एरवीही इवाओ चांगली मासळी घेऊन आला, की दारातूनच ओरडायचा, "काढा तिला खाली!"

पुढे मिसाओ शिकायला ओसाकाला गेली, तिथेच नोकरीला लागली. इवाओ वारला. एकटीसाठी एवढी मोठी काथवट कोण काढणार? मिनेयो एका वाडग्यापुरता भात प्लॅस्टिकच्या भांड्यात कालवू लागली. मला वर्तमानपत्रात गुंडाळून सर्वांत वरच्या फळीवर ठेवले गेले. लाकूड सुकले की आकसते. माझ्या फळ्यांमध्ये फटी पडल्या. एका पावसाळ्यात खालची पट्टी सैल होऊन घसरली. खाली भांडी वाजायची, पाणी उकळायचे. मी नुसती ऐकत असे.

मग एका शरद ऋतूत मिनेयोला अर्धांगाचा झटका आला. ती वाचली. बोलणे थोडे जड झाले, उजवा पाय फरफटू लागला, पण उजवा हात मात्र गेलाच. इस्पितळातून घरी आल्यावर मिसाओ तीन आठवडे तिच्याजवळ राहिली. निघायच्या आदल्या दिवशी दोघींची जी बोलाचाली झाली, ती मी फळीवरून शब्द न् शब्द ऐकली.

"आई, तू माझ्याकडे चल. लिफ्ट आहे, दवाखाना समोर आहे."

"आणि मी दिवसभर करू काय? लिफ्टमधून वरखाली?"

"थट्टा नको गं. इथे फोन वाजला तरी माझ्या छातीत धस्स होतं. तुला साधं अंडं फोडता येत नाही आता."

मिनेयोने डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर ठेवला. अंड्याचे ते बोलणे तिला लागले, हे मला वरूनही कळले. मग ती सावकाश, एकेक शब्द मांडत म्हणाली, "तीन मार्चला ये. बाहुल्यांच्या सणाचा भात मी करीन. चिरणं, शिजवणं, मासा साफ करणं, सगळं माझ्या हातानं. दुसऱ्या कुणाचा हात लागणार नाही. जमलं तर मी इथेच राहणार. नाही जमलं, तर त्याच दिवशी सामान बांध. मी हूं की चूं करणार नाही."

मिसाओने आईच्या मांडीवर निपचित पडलेल्या हाताकडे पाहिले. "ठरलं," ती म्हणाली. ती कठोर नव्हती, मित्रांनो. आई हरणार, हे तिला दिसत होते. आणि हरली की भांडण न करता ओसाकाला येईल, एवढाच तिचा विचार होता.

दुसऱ्या दिवशी तोमिए आली. तोमिए म्हणजे आमच्या गल्लीत गाडीवर मासळी विकणारी बाई. मिनेयोची शाळेपासूनची मैत्रीण, आणि जीभ मिरचीसारखी. तिने स्टुलावर चढून मला खाली उतरवले. वर्तमानपत्र सोडताच माझी खालची पट्टी खळ्ळकन जमिनीवर पडली.

"घ्या! तू आणि तुझी काथवट, दोघी एकीपेक्षा एक खिळखिळ्या."

"हिला पाण्यात ठेव," मिनेयो म्हणाली.

"आणि तुला?"

"मला बाजारातून गाजरं आणून दे. किलोभर."

दोन दिवस मी न्हाणीतल्या टाकीत बुडून होते. इतक्या वर्षांनी पाणी प्याले. फळ्या फुगल्या, फटी मिटल्या. तिसऱ्या दिवशी मिनेयोने मला पालथी घातली, पट्टी चढवली आणि डाव्या हातात हातोडी घेऊन फिरवत फिरवत ठोकत बसली. दर चार ठोक्यांत एक माझ्या अंगावर बसायचा. त्याचे वळ अजून माझ्या कडेवर आहेत.

त्यानंतरचे तीन महिने तिने जे केले, ते मी जवळून पाहिले. दुपारचा डबा नगरपालिकेकडून येत असे. तो खाऊन ती लगेच ओट्याशी उभी राही. पहिली अडचण गाजराची. सुरी लागताच ते गडगडत जायचे, कारण धरायला दुसरा हात नाही. तिला चिरायच्या पाटात खालून वर येणारे दोन खिळे हवे होते, म्हणजे गाजर त्यांवर टोचून बसले असते. पण खिळा ठोकायचा तर तो उभा कोण धरणार? तोमिए म्हणाली, "आण इकडे, मी धरते." मिनेयोने मान हलवली. तिने पांढऱ्या मुळ्याची एक जाड चकती कापली, खिळा तिच्यात खोचून उभा केला आणि चकतीसकट पालथ्या पाटात ठोकला. मग मुळा उपटून तोंडात टाकला.

"मुळासुद्धा वाया घालवायची नाहीस," तोमिए म्हणाली. पण त्या दिवशी तिने पुढे एकही टोमणा मारला नाही.

अंडी फुटायला सतरा दिवस लागले. तोवर किती अंड्यांत टरफले पडली, ते विचारू नका. मासा साफ करायला ती त्याचे डोके त्याच खिळ्यांत रोवायची आणि सुरीच्या पाठीने खवले काढायची. खवले भिंतीपर्यंत उडत. ते एक वेळ जमले. जमत नव्हते ते माझ्याबरोबरचे काम. आणि याचे मला फार वाईट वाटायचे. ती डाव्या हाताने भात हलवू लागली, की मी घसरायचे. तिने माझ्याखाली ओले फडके घातले, तरी मी फिरायची थांबेना. फेब्रुवारीत एका दुपारी तिने जरा जोर लावला आणि मी ओट्यावरून थेट खाली गेले. सगळा भात जमिनीवर सांडला.

मिनेयो भिंतीला टेकून खाली बसली आणि रडली. मोठ्याने, लहान मुलासारखी. मी तिच्या पायाशी पालथी पडले होते. मी काय करणार? मला हात नाहीत.

बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले. मला सुलटी केली, कड चाचपून पाहिली. मग बसल्या बसल्याच तिने मला दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये घेतले. उजवा पाय कपाटाला टेकवला, म्हणजे तो ढिला पडला तरी सरकणार नाही. डाव्या गुडघ्याने मला दाबून धरले. मग रिकामीच भातवाढी माझ्यात फिरवून पाहिली. मी हलले नाही.

"अस्सं!" ती म्हणाली आणि कपाटाला धरून उठली. त्याच संध्याकाळी तिने पुन्हा तांदूळ धुतले. त्यानंतर ती न्हाणीतले बुटके स्टूल ओट्यापाशी आणून त्यावर बसून भात करू लागली.

आता राहिला वारा. वारा घातला नाही, तर भात चमकत नाही. डावा हात भातवाढीत गुंतलेला, मग पंखा कुठे धरणार? तिने तो दातांत धरला आणि मान डावी-उजवीकडे हलवू लागली. तोमिए ते पाहून दारातच बसकण मारून हसली. "अगं, मान लचकेल! मग मिसाओ तुला ओसाकाला नाही, परत इस्पितळात नेईल."

"ग ब," मिनेयो पंखा चावत म्हणाली. म्हणजे गप बस.

तीन मार्च उजाडला. आकाश स्वच्छ होते. तोमिएने आठ वाजता लालसर मासा आणून पाटावर ठेवला. खवल्यांसकट, आतड्यांसकट, जसा पाण्यातून आला तसा. "साफ करून दिला असता तर मीच हरवलं असतं तुला," म्हणाली आणि कोपऱ्यात हाताची घडी घालून बसली. मिनेयोने गाजर चिरले, कमळकाकडी चिरली, अळंबी शिजवली. अंड्याचे पातळ घावन जरासे करपले. तिने करपलेली कड कापून टाकली. माशाला फार वेळ लागला. मिसाओची बस अकराला येणार होती, आणि माझ्यात भात पडला तेव्हा अकराला पाच मिनिटे कमी होती.

मिसाओ आत आली, तेव्हा मी गुडघ्यांत होते. वाफ अजून निघत होती. मिनेयोचे केस कपाळाला चिकटले होते, डावा हात भातात, तोंडात पंखा, आणि मान डावी-उजवीकडे चालली होती. मिसाओच्या हातातली मोठी रिकामी बॅग खाली पडली. ती धावत पुढे आली.

"आई, दे इकडे!"

मिनेयोने पंखा तोंडातून टाकला. "हात लावू नकोस!"

एवढ्या मोठ्याने ती झटक्यानंतर पहिल्यांदाच बोलली होती. मिसाओ जागीच थबकली. आई पंखा उचलायला वाकू लागली, तर मी गुडघ्यांतून निसटायला लागले. ती पुन्हा ताठ बसली, मला दाबून धरले. पंखा जमिनीवर पडलेला. भात निवत चाललेला.

मग मिसाओने खाली बसून पंखा उचलला.

"हात नाही लावत," ती म्हणाली. "नुसता वारा घालते. तो तर चालेल ना?"

मिनेयोने तोमिएकडे पाहिले. तोमिए म्हणाली, "माझ्याकडे काय बघतेस? खिडकीतून वारा येतोच आहे. त्याला तू काय शपथ घातली होतीस का?"

"घाल," मिनेयो म्हणाली. "पण सावकाश. पहिल्यांदा जोरात नाही घालायचा."

मिसाओ वारा घालू लागली. मिनेयो भात कापत गेली, उलटत गेली, पुन्हा कापत गेली. मधेच म्हणाली, "कोपर उचल." मिसाओने उचलले. मी शिरका प्यायले, वाफ प्यायले. आणि माझ्या पोटात शिते हळूहळू चमकू लागली.

तीन वाडगे भरले. गाजराच्या फुलांना पाकळ्या तीनच होत्या, त्याही जाड. माशाचे काप कुठे बोटाएवढे, कुठे कागदासारखे. मिसाओने पहिला घास घेतला आणि चावतच राहिली.

"कसा झालाय?" तोमिएने विचारले.

"गाजर कच्चं आहे," मिसाओ म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होते. "थोडा वाढ अजून."

"बॅगेचं काय?" मिनेयोने विचारले.

"इथली संत्री भरून दे तिच्यात. रिकामी कशाला नेऊ?" मग वाडग्यात पाहतच ती म्हणाली, "आई, मला हे येत नाही. तू कधी शिकवलंच नाहीस."

"तू कधी विचारलंस?"

"आता विचारते."

त्या दिवसापासून मिसाओ महिन्यातून एकदा येते. आल्या आल्या स्टुलावर बसते, मला गुडघ्यांत धरते. तिचे दोन्ही हात धड आहेत, ओट्यावरही तिला जमेल. पण तिने आईला तसेच करताना पाहिले, म्हणून ती तसेच शिकली. मिनेयो शेजारी बसून चुका काढते. तिची जीभ आता बरीच सुटली आहे. मिसाओ म्हणते, जरा जास्तच सुटली.

मित्रांनो, मला आता वरच्या फळीवर कुणी ठेवत नाही. काम झाले की धुतात, पुसतात, सावलीत वाळवतात आणि हाताला येईल अशा जागी ठेवतात. तुमच्याही घरात एखादे भांडे वर पडून असेल. ते फुटले म्हणून नाही, त्याची कुणाला गरज उरली नाही म्हणून. त्याला खाली काढा, पाणी दाखवा, कामाला लावा. आणि घरात एखाद्याचा हात अधू झाला असेल, तर त्याच्या पुढ्यातले काम मायेपोटीसुद्धा उचलून नेऊ नका. तो सांडेल, करपवेल, चिडेल. तुमच्यापेक्षा चौपट वेळ घेईल.

घेऊ द्या.