तोतऱ्या तात्यांची मुलगी

"चहा द्यायचा, खुर्चीत बसायचं आणि तोंड उघडायचं नाही," आईने रविवारी सकाळी तिसऱ्यांदा बजावलं. "काही विचारलंच तर मी बोलेन. लाजाळू आहे म्हणून सांगेन."

बेबी उशांचे अभ्रे बदलत होती. सव्वीस वर्षांची झाली तरी घरात ती बेबीच. एका छापखान्यात ती मुद्रितं तपासायची, आणि तिच्या नजरेतून वेलांटीसुद्धा सुटत नाही असं तिथला फोरमन म्हणायचा. पण बोलायची वेळ आली की पहिलंच अक्षर टाळूला चिकटून बसायचं. आधीच्या दोन स्थळांनी तेवढ्यावरून नकार कळवला होता. या खेपेला लग्न लागेपर्यंत ते कळूच द्यायचं नाही, असं आईने आणि तात्यांनी ठरवलं. बेबीला कोणी विचारलं नाही.

तिच्या वडिलांना आता सारं जगच तात्या म्हणत होतं. बारा वर्षं त्यांनी स्टुडिओत गर्दीत उभं राहण्यात काढली होती. कधी मेजवानीतला पाहुणा, कधी प्रेतामागून चालणारा शेजारी. मग एका चित्रपटात त्यांना तीन मिनिटांचं काम मिळालं. अंगठी चोरल्याचा आळ आलेला शिपाई न्यायाधीशासमोर उभा आहे, एवढाच प्रसंग. तात्यांनी तो शिपाई तोतरा केला आणि लोकांनी थिएटर डोक्यावर घेतलं. नायकाचं नाव लोक विसरले, पण तात्यांचं वाक्य पोरासोरांच्या तोंडी बसलं. पुढे चाळीसएक चित्रपट झाले. तोतरा पोस्टमन, तोतरा कंपाउंडर, तोतरा साक्षीदार. पोस्टरच्या कोपऱ्यात नेहमी त्यांचा वासलेला जबडा. आता तोतऱ्या मास्तरचं काम चालून आलं होतं. खरं तर ते घरी खणखणीत बोलत. बापाची नक्कल करता करता पोरीला खोड लागली, असं शेजारपाजारी म्हणत, आणि घरातलं कोणी ते खोडून काढत नसे.

चारच्या सुमारास पाहुणे आले. मुलाच्या वडिलांचं चष्म्यांचं दुकान होतं. ते खुर्चीत टेकतात न टेकतात तोच म्हणाले, "तात्या, सोयरिकीचं मागाहून बघू. आधी ते कोर्टातलं एकदा होऊन जाऊ द्या."

तात्यांना आग्रह लागत नसे. ते उठले, खांदे पाडले, हात जोडले. एका क्षणात त्यांचं वय कमी झाल्यासारखं वाटलं. "सा-सा-साहेब, मी चो-चो-चोरली नाही हो."

चष्मेवाल्यांच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं. त्यांच्या बाईंनी तोंडाला रुमाल लावला. मुलगाही हसला.

"हे सुचलं कुठून तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

"सुचावं लागतं," तात्या म्हणाले. "निरीक्षण. पोस्टात एक कारकून होता, त्याच्याकडून उचललं."

बेबी चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती. पोस्टात असा कारकून कधीच नव्हता.

ती सात वर्षांची होती तेव्हा वर्गातला खडूंचा डबा हरवला आणि शिकवणाऱ्या बाईंनी तिचं नाव घेतलं. तिला उत्तर लवकर देता आलं नाही, म्हणून तीच चोर ठरली. घरी येऊन ती रडत तात्यांना सांगू लागली. तात्यांनी तिला मांडीवर घेतलं नाही. समोर उभं केलं आणि म्हणाले, "परत सांग. घाई करू नकोस." तिने चार वेळा सांगितलं. ते तिच्या ओठांकडे टक लावून बघत होते. तिला वाटलं, आपल्यावर विश्वास ठेवणारं एक तरी माणूस आहे. वर्षभराने थिएटरात आईच्या शेजारी बसून तिने आपलं रडणं बापाच्या तोंडून ऐकलं, आणि सगळं थिएटर हसलं. दुसऱ्या दिवसापासून वर्गात तिला त्याच वाक्याने हाका सुरू झाल्या. त्यानंतर ती शाळेत कधी आपणहून बोलली नाही.

"मुलगी काय काम करते म्हणालात?" चष्मेवाल्यांच्या बाईंनी विचारलं.

"छापखान्यात आहे," आई घाईने म्हणाली. "फार लाजाळू आहे हो."

बेबीने ट्रे टेबलावर ठेवला. "मी ला-ला-लाजाळू नाही. मी ख-ख-खडू चोरले नव्हते."

चष्मेवाले पुन्हा खदखदले. "वा, कला रक्तातच उतरली आहे."

ती थांबली नाही. पोस्टातला कारकून खोटा आहे, ते बोलणं माझं आहे, हे तिने अडखळत, मान झटकत, घाम पुसत सांगितलं. आधी मुलाचं हसू गेलं, मग बाईंचा रुमाल खाली आला. चष्मेवाल्यांना सगळ्यांत उशिरा कळलं. बाईंनी आईला हळूच विचारलं, "पुढे मुलाबाळांत येतं का हो हे?" चहा तसाच ठेवून ते निघून गेले.

दार लागताच तात्या कडाडले, "चार माणसांत बापाची लाज काढलीस. त्या तोतरेपणावर हे घर चाललं. तू शिकलीस ती त्यावरच."

"माहीत आहे," बेबी म्हणाली. "आता ते तो-तो-तोतऱ्या मास्तरचं काम घेऊ नका."

"का? लोक हसले तर तुझं काय गेलं?"

"लोकांचं नाही म-म..."

"मनावर," आई म्हणाली.

"मला बो-बोलू दे, आई." मग तिने ते वाक्य स्वतःच पुरं केलं. त्याला बराच वेळ लागला आणि दोघांनाही उभ्याने ऐकावं लागलं. "लोकांचं नाही मनावर घेत. तुम्ही परत सांग म्हणालात, तेव्हा मला वाटलं, तुम्हाला माझी क-काळजी आहे."

तात्यांनी चहाचा ट्रे उचलला आणि ते आत निघून गेले.

महिनाअखेर बेबी छापखान्याजवळच्या एका खोलीत राहायला गेली. पुन्हा कोणत्याही स्थळापुढे बसणार नाही, आणि बसलेच तर पहिलं बोलणं माझं असेल, असं तिने आईला स्वच्छ सांगितलं. तात्यांनी मास्तरचं काम घेतलं. तो चित्रपटही जोरात चालला. थिएटरच्या त्या काळोखात पैसे मोजून हसायला कोण कोण बसलं होतं, हे ज्याचं त्याने आठवून पाहावं.