रिकाम्या पोटी काढा

सलूनवाल्या भाऊजींना साखर निघाली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि वेळेवर जेवायला सांगितलं. गोळ्या भाऊजींनी इमानेइतबारे घेतल्या, पण त्यांचा जीव जडला तो एका गिऱ्हाइकाने सुचवलेल्या काढ्यावर. दालचिनी, मेथीदाणे, पुदिना, सगळं उकळून बिनसाखरेचं. दिवसभरातला गोड चहा सुटला, पट्टा सैल झाला आणि भाऊजी हवेत तरंगायला लागले. पुढे तर सकाळचा नाश्ताही बंद. बायको ओरडली की म्हणायचे, "काढ्यानंच पोट भरतं गं."

त्या सकाळी ते एका आजोबांची दाढी करत होते. शेजारच्या खुर्चीशी त्यांचा मेहुणा कात्री चालवत होता. त्याने सहज मान वळवली, तर भाऊजी घामाने निथळत होते आणि वस्तऱ्याचा हात लटलटत होता.

"भाऊजी, काय होतंय?"

"पाणी... खिडकीला... बांध."

हे असंबद्ध बोलणं ऐकून मेहुणा घाबरला. अर्धांगाचा झटका आला, दुसरं काय! त्याने वस्तरा काढून घेतला, भाऊजींना बाकावर बसवलं आणि जिन्याकडे धावत जाऊन बोंब ठोकली. दवाखाना वरच्याच मजल्यावर होता. डॉक्टरीणबाई पळत आल्या, बोटाला सुई टोचली, यंत्रावरचा आकडा पाहिला.

"झटकाबिटका नाही. साखर पार खाली गेलीय. गिळता येतंय ना? मग ग्लुकोजचं पाणी द्या, घोट घोट."

थोड्या वेळाने भाऊजींची नजर स्थिरावली. समोर आजोबा वाकून बघत होते, अर्ध्या तोंडाला फेस.

"तुमचा एक गाल राहिलाय," भाऊजी स्पष्ट म्हणाले.

"राहू दे रे बाबा. तू राहिलास ना!"

डॉक्टरीणबाईंनी सगळं विचारून घेतलं. "काढा खुशाल घ्या, पण तो म्हणजे जेवण नव्हे. औषधही नव्हे. गोळी पोटात आणि पोट रिकामं, मग असंच होणार. वजन मात्र छान उतरलंय. तपासणी करू, कदाचित गोळी कमीही करता येईल."

मेहुणा कुठे दिसेना. भाऊजी बाहेर आले, तर तो पायरीवर बसून हमसून हमसून रडत होता.

"अरे वेड्या, आहे मी अजून."

"ताईला काय तोंड दाखवलं असतं मी?"

भाऊजींनी त्याच्या खांद्यावर हात टाकला. तेवढ्यात कुणाचा तरी फोन मिळालेली ताईच डबा घेऊन धापा टाकत आली. तिने नवऱ्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं, मोठा श्वास सोडला आणि डबा उघडून पुढे केला.

"आधी हे खा. बोलणी नंतर खायचीच आहेत."

भाऊजी मुकाट्याने तिथेच जेवायला बसले. कित्येक दिवसांत जेवणाला अशी चव लागली नव्हती.