वीतभर उंच

सातवा महिना लागला आणि माझं जेवणाचं सुखच संपलं. दोन घास खाऊन आडवी झाले, की आंबट पाणी घशाशी येतं आणि छातीत जाळ पेटतो. साधं पाणी प्यायलं तरी तेच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पलंग उशाकडून वीतभर उंच करा, आराम पडेल."

नवरा सुतार, त्यामुळे अडायचं काय? त्याने गिऱ्हाइकाचं कपाट बाजूला ठेवलं आणि लाकडाचे दोन ठोकळे कापून उशाकडच्या पायांखाली सरकवले. दुपारी मी चक्क तासभर झोपले. किती दिवसांनी!

संध्याकाळी आईकडून परतले, तर हा पलंगावर पातळी मोजायची लेव्हल-पट्टी ठेवून तिच्या काचेतल्या बुडबुड्याकडे टक लावून बसलेला. पायथ्यालाही दोन ठोकळे लागले होते, आणि चारही ठोकळे स्क्रू मारून पक्के.

"तिरका पलंग बघवेना गं," तो म्हणाला. "आता बघ, कसा एका पातळीत आलाय!"

मी कपाळाला हात लावला. तिरकाच तर हवा होता, शहाण्या! हे त्याला खणखणीत सुनावायला मी तोंड उघडलं, पण शब्दांच्या आधी आंबट पाणीच वर आलं. मी ओठ घट्ट मिटून, छाती चोळत उभी राहिले.

"झाली ना बोलती बंद?" हा खूश. मग माझ्या पोटाकडे आणि पलंगाच्या उंचीकडे आळीपाळीने बघत म्हणाला, "थांब, तुला चढायला एक पायरी करून देतो."