एकाच नंबराच्या दोन नोटा

वेंट्झांच्या घरात पंधरा शिलिंगांची एक नोट सात पिढ्या बायबलात दाबून ठेवलेली होती. अमेरिकेवर इंग्रज राजाचा अंमल होता तेव्हाची. त्या काळी नोट नुसती छापून चालत नसे. सरकारने नेमलेल्या तिघा अब्रूदार माणसांनी शाईने सही केली, तरच ती बाजारात चाले. या नोटेवरची मधली सही मूळपुरुष अ‍ॅडम वेंट्झ यांची. त्या सहीच्या जोरावर थर्झा वेंट्झने साऱ्या लँकेस्टरात नाक वर करून आयुष्य काढलं. रविवारी वाचनालयाच्या दालनाला अ‍ॅडमचं नाव द्यायचं, नोट काचेत लावायची, असं ठरलेलं.

शनिवारी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये जुन्या नोटांचा बाजार भरला. थर्झा मिरवायला म्हणून नोट घेऊनच गेली, सोबत सून लोइस. नोटांचा व्यापारी ओर्लो पिम याच्या टेबलावर अ‍ॅडमच्याच सहीची दुसरी नोट दिसली.

"ही तर आमच्याच घरची! बांध रे, ओर्लो."

"जरा थांबा, थर्झाबाई. तुमची दाखवा बरं." पिमने दोन्ही शेजारी शेजारी मांडल्या आणि एकीवरून दुसरीवर भिंग फिरवलं.

"एवढं काय बघतोस?"

"दोन्हींचा नंबर एकच आहे, बाई."

"म्हणजे तुझी खोटी. परत कर ज्याने विकली त्याला."

पिमने दोन्ही नोटा दिव्यासमोर धरल्या. त्याच्या नोटेच्या कागदात अभ्रकाचे कण चमचमत होते. थर्झाच्या नोटेत काहीच नाही, नुसता मळकट कागद.

"सरकारी कागदात अभ्रक असायचाच," तो हळूच म्हणाला. "तुमच्या नोटेवरच्या कडेच्या दोन सह्या गिरवलेल्या आहेत, रेघ थरथरलीय बघा. मधली मात्र अस्सल. दोन्हींवर अ‍ॅडमच्याच हाताची."

 लोइसने खुर्ची पुढे सरकवली, तीत बसून थर्झाने आपली नोट उलटली. नोटेच्या पाठीवर ठसठशीत छापलेलं होतं, खोटी नोट करणाऱ्याला देहदंड. लहानपणी तिने अक्षरं त्याच ओळीवर बोट ठेवून गिरवली होती.

"चोर होता?" तिने विचारलं. "आमचा अ‍ॅडम?"

"वाईट वाटून घेऊ नका. त्या काळातली खोटी नोट खरीपेक्षा महाग जाते. आत्ता दुप्पट देतो."

"मेल्या, चोरीला भाव सांगतोस?"

"आई, कुणाला कळतंय?" लोइस कानाशी लागली. "उद्याचं होऊन जाऊ दे. ओर्लो काही बोलायचा नाही."

"मला कळलंय ना!"

तिने फोन काढला. दोनदा नंबर चुकला. वाचनालयाची हेझल फोनवर आली.

"हेझल, दालनाला आमचं नाव घालू नकोस. का म्हणून काय विचारतेस? आमच्या मूळपुरुषाने खोट्या नोटांवर सह्या केल्या, म्हणून!"

चारदोन माणसांनी वळून पाहिलं. पलीकडे हेझलला नीट ऐकू आलं नव्हतं. थर्झा खुर्चीवरून उठली आणि तेच वाक्य मोठ्याने पुन्हा म्हणाली.